शब्दचर्चा : 'टॉर्शन-फ्री' गटाला मराठीत काय म्हणायचं?

दर्यापूरकर : नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या सेमिनारला 'टॉर्शन-फ्री आबेली गटांचं वर्गीकरण, पोसेटच्या साहाय्यानं' हा विषय घेतलाय. (गट म्हणजे बेरीज-वजाबाकी करता येईल असा संच, आबेली म्हणजे अ+ब आणि ब+अ एकच, आणि पोसेट म्हणजे काही जोड्यांतच वर-खाली ठरलेला संच.) वर्गातली निम्मी पोरं खेड्यावरून एसटीनं येणारी, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, म्हणून फळ्यावर मराठीच लिहायचं ठरवलंय. गट, उपगट, सदिश अवकाश इथवर जमलं. टॉर्शनला 'मरोड' लिहिलं तर सर म्हणाले, हे हिंदी झालं. दुसरं काय लिहू?

अचलपूरकर : भाऊ, सरळ 'पीळ' लिहा. पीळरहित गट. पोआंकारेनं १९०० मध्ये हा शब्द आकारांच्या अभ्यासात वापरला, मोबियसच्या पट्टीसारखे स्वतःतच पिळलेले आकार डोळ्यासमोर ठेवून. बीजगणितात तो तिथूनच आला. स्वतःशीच काही वेळा मिळवला की शून्य होतो, असा घटक पिळाचा. शून्याशिवाय असा एकही घटक नसेल तर गट पीळरहित.

परतवाडेकर : आपल्या वऱ्हाडीत 'पीय' राजेहो! ळ चा य केल्याबिगर आपलं गणित सुटत नाई. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, मग हा 'रहित' कसा काय झाला?

अचलपूरकर : इथं जातो ना. आबेली गटातले पिळाचे सगळे घटक मिळून एक उपगट होतो. त्यानं गटाला भागा, उरतो तो पीळरहितच. म्हण खोटी पडली तरी चालेल, प्रमेय खरं आहे.

वणीकर : पीळ ठीक आहे, पण या विषयाचा सगळा भार 'पोसेट'वर आहे. त्याला कृपा करून 'क्रमवारी' म्हणू नका. क्रमवारी म्हटली की पोरं गुणवत्ता यादी समजतात, कोणीतरी वर नाहीतर खाली असणारच. इथं दोघं एकमेकांच्या वरही नाहीत, खालीही नाहीत, असं चालतं. 'अंशतः क्रमित संच' लांब आहे, पण 'अंशतः' गाळलं तर विषयच गळतो.

दर्यापूरकर : ताई, वर्गात दाखवायला उदाहरण द्याल का?

वणीकर : परिमेय संख्यांचा गट घ्या. त्यातले ज्यांचे छेद २ चे घात, असे अपूर्णांक हा एक उपगट. छेद ३ चे घात असलेल्यांचा दुसरा. पहिल्यात २ नं हवं तितक्यांदा भागता येतं, पण ३ नं नाही. दुसऱ्यात उलट. कोणत्या मूळ संख्येनं किती वेळा भागता येतं, याच्या नोंदीला 'टाइप' म्हणतात (मी 'प्ररूप' लिहिते). सांत, म्हणजे मोजक्याच ठिकाणी आणि तोही सांत फरक असेल तर नोंद तीच धरायची. रँक १ चे, म्हणजे परिमेय संख्यांच्या गटात बसणारे, पीळरहित गट निव्वळ प्ररूपावरून ओळखता येतात, हे बेअरनं १९३७ मध्ये दाखवलं. वरच्या दोघांची प्ररूपं अतुलनीय, म्हणजे एकही दुसऱ्याच्या वर नाही. पूर्णांकांचं मात्र दोघांच्याही खाली. असा हा प्ररूपांचा पोसेट.

आता रँक २, म्हणजे प्रतलात बसणारे. (१,०) दिशेला छेद २ चे घात असलेल्या पटी, (०,१) दिशेला ३ चे, (१,१) दिशेला ५ चे, आणि या तिघांची बेरीज म्हणजे आपला गट. त्यातून प्रतलात मूळबिंदूतून जाणाऱ्या तीन रेषा मिळाल्या. पोसेटचं रिप्रेझेंटेशन म्हणजे एवढंच: एक सदिश अवकाश, आणि संचातल्या प्रत्येक बिंदूला त्याचा एक उपअवकाश. बिंदू वरचा तर उपअवकाश मोठा. गटाकडून येताना हा क्रम उलटा होतो, कारण प्ररूप जितकं वरचं तितके त्यात बसणारे घटक कमी. फळ्यावर हे आधीच लिहा, नाहीतर शेवटी बाण उलटे निघतात.

तीन वेगवेगळ्या रेषा रेषीय रूपांतरानं कुठल्याही तीन वेगवेगळ्या रेषांवर बसवता येतात. (१,२) दिशेला ७ चे छेद घालून चौथी आणा, मग ती हवी तिथं बसत नाही. (१,२) ऐवजी (१,३) घेतलं की गटच वेगळा. अशी अनंत उदाहरणं. क्लाइनरनं १९७२ मध्ये पाच संचांची यादी दिली: यांपैकी एकही आत नसेल तरच अविघटनीय (लहान तुकड्यांच्या बेरजेत न मोडणारी) रिप्रेझेंटेशन्स मोजकी. परस्पर अतुलनीय चार बिंदू हा त्यातलाच एक.

अचलपूरकर : एक पुस्ती जोडतो. हे सगळ्या पीळरहित गटांना लागू नाही. बटलरनं १९६५ मध्ये ज्यांचा अभ्यास केला त्या सांत रँकच्या गटांना लागू, म्हणजे रँक १ च्या मोजक्या गटांची बेरीज घेऊन, बेरीज जपणाऱ्या चित्रणानं जे पीळरहित प्रतिमागट मिळतात ते. आणि तेही 'क्वासी-आयसोमॉर्फिक' इतक्याच अर्थानं, म्हणजे प्रत्येक गट दुसऱ्यात सांत निर्देशांकाचा (ज्याच्या मोजक्याच सरकवलेल्या प्रतींनी गट भरतो असा) उपगट म्हणून बसतो. 'समरूप' लिहू नका, ते दहावीच्या त्रिकोणांनी अडवलंय. 'तुल्यरूपकल्प' कसं वाटतं? मृतकल्प म्हणतो तसं.

परतवाडेकर : भल्तंच जड झालं ना भाऊ. त्याच्यापरीस 'क्वासी'च ठेवा.

दर्यापूरकर : क्वासी ठेवतो. आता पोसेटचे दोन प्रकार, 'टेम' आणि 'वाइल्ड', उरले. अतुलनीय बिंदू चार असले तर टेम, पाच झाले की वाइल्ड. 'पाळीव' आणि 'रानटी' लिहू?

वणीकर : नको, पोरं मेळघाटात जातील. 'आटोक्यातलं' आणि 'आटोक्याबाहेरचं' लिहा. चार रेषांची प्रकरणं अनंत असली तरी ओळीनं मांडता येतात, पाचांची तशी येत नाहीत.