चार भाषांच्या सोसायटीत 'आपण सारे नागपूरकर' कसं रुजवायचं?

बेसा_रोड:
सोसायटीत ६० घरं. मराठी, हिंदीभाषक, सिंधी, तेलुगू. गणपती, चेटीचंड, उगादी सगळं आपापलं, दुसऱ्याच्या कार्यक्रमाला कोणी जात नाही. 'आपण सारे नागपूरकर' असा फलक लावून सहभोजन ठेवलं तर फरक पडेल का?

रांजण:
नाही पडणार, भाऊ. मानसशास्त्रज्ञ शेरीफच्या १९५४ च्या अमेरिकेतल्या ओक्लाहोमातल्या प्रयोगात भांडणाऱ्या मुलांचे दोन गट एकत्र जेवायला बसवले, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मनं वळली ती बंद पडलेलं पाणी सुरू करताना, ट्रक मिळून ओढताना. तेही एका कामात नाही, ओळीनं कामं आली तेव्हा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फाटकाबाहेर पाणपोई लावा. रोज २०० माणसं, प्रत्येकी अर्धा लिटर, म्हणजे १०० लिटर: २० लिटरचे पाच माठ, वर दोन राखीव. माठ रात्रीच भरायचे. दुपारी भरलेलं पाणी कोमटच राहतं. सकाळी १० ते ४, दोन-दोन तासांच्या तीन पाळ्या, पाळीला चौघं. आठवड्याच्या २१ पाळ्या, चौघं धरून ८४ वाऱ्या होतात, म्हणजे घरटी एक-दोन. एका पाळीत एका भाषेची दोन घरं नकोत. चिठ्ठ्या टाकूनच ठरवा, नाहीतर ओळखीचे ओळखीच्यांत जातात आणि सगळं फसतं. पेले विसळणं दर आठवड्याला फिरतं ठेवा. ते काम एकाच गटाच्या गळ्यात पडलं, तर पाणपोईच दुरावा वाढवेल.

माळरान:
ताई, एक भर घालते. 'आता सिंधी-तेलुगू विसरा, नागपूरकर व्हा' हे लहान गटाला 'आमच्यासारखे व्हा' असंच ऐकू येतं. गार्टनर आणि डोविडिओ या मानसशास्त्रज्ञांचं काम इथे उपयोगी आहे: दोन्ही ओळखी शाबूत ठेवायच्या, तेलुगूही आणि नागपूरकरही. म्हणून पाणपोईची पाटी चारही भाषांत, अक्षरं सारख्याच आकाराची. ग्रुपवर सूचना मराठी-हिंदी दोन्हींत. 'मूळचे कोण' हा वाद तर सुरूच होऊ देऊ नका. १९५६ पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी दोन्ही मुलखांची राजधानी होतं. फाळणीनंतर जरीपटक्यात वसलेल्या सिंधी घरांची नातवंडंही इथलीच.

बेसा_रोड:
भाषावार क्रिकेट सामने ठेवू का?

रांजण:
नको! त्यानं गटच पक्के होतील. संघ चिठ्ठ्यांनीच. जूनमध्ये पाणपोई उठली की तान्ह्या पोळ्याची (पोरांचा लाकडी बैलांचा पोळा) तयारी धरा: एका लाकडी बैलामागे वेगवेगळ्या भाषांची तीन घरं, सजावट मिळून, बोजारा (पोरांना मिळणारी भेट) सगळ्यांना सारखा. पहिला नंबर काढू नका.