९ मिमी पिस्तूल: जड गोळी वर का लागते?

प्रश्न: २५ मीटरवर ११५ ग्रेन वजनाच्या गोळीऐवजी १४७ ग्रेनची गोळी वापरली की नेम तोच धरूनही छिद्रं वर पडतात. साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) न हलणारी आहे. जड गोळी खाली लागायला हवी ना?

उत्तर: एवढ्या अंतरात पडण्यातला फरक जेमतेम सेंटिमीटरभर. १४७ ग्रेन (९.५ ग्रॅम) सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने निघते, ११५ ग्रेन ३५०च्या आसपास. जड गोळी नळीत जास्त वेळ असते आणि तेवढ्यात धक्क्याने नळीचं तोंड अधिक उचललं जातं. म्हणून वर.

उत्तर: पण गट (एकाच नेमाने पडलेल्या छिद्रांचा पुंजका) वर सरकला म्हणजे अचूकता बिघडली असं नाही! गटाचा पसारा बघा. मनगटं वाळूच्या पिशवीवर टेकवा, नळी मुळीच नको. प्रत्येक वजनाचे पाच-पाच गोळ्यांचे निदान तीन गट मारा आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर मोजा. एकाच गटावर विसंबू नका. कुठलं वजन मानवेल ते प्रत्येक नळीगणिक बदलतं.

उत्तर: छिद्रं लांबट दिसली तर मात्र गोळी आडवी होतेय. नळीतल्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचांचा) नेहमीचा १० इंचांना एक वेढा १४७ ग्रेनला स्थिर ठेवायला पुरतो, तेव्हा आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून नळीत साचलेलं शिसं आणि झिजलेले आटे तपासा.