विमानातली राखदाणी अजून का आहे? (अनुभव धागा)

रामबागवाली
इंदूर-मुंबई विमानात टॉयलेटच्या दाराला राखदाणी, आणि तिच्या बोटभर वर सिगरेटवर काट मारलेलं चित्र. हे दिसलं की चेक-इनला ‘स्मोकिंग की नॉन-स्मोकिंग?’ विचारायचे तो काळ आठवतो. मागच्या रांगा ओढणाऱ्यांच्या, मधे फार तर एक पडदा, आणि त्या पडद्याच्या अलीकडे बसलेला माणूस पूर्ण तिकीट भरून धूर खातोय. अमेरिकेत १९७३ साली वेगळ्या रांगा सक्तीच्या झाल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या विमानांत पूर्ण बंदी यायला २००० उजाडलं. सत्तावीस वर्षं भांडत बसले लोक!

हँगरमधले, केबिनमधले, तिकिटवाले, वकील, इथे सगळे आहेत. आपापल्या कामातलं लिहा. ‘आमच्या काळी मी’ नको, काय कसं चालायचं आणि कुठे बिघडायचं ते सांगा.

जुना_हँगर
राखदाणी विसरून राहिलेली नाही, नियमात आहे म्हणून आहे. आज कारखान्यातून निघणाऱ्या कोऱ्या विमानातही टॉयलेटच्या दारावर किंवा दाराजवळ ती लागतेच. कारण साधं आहे. बंदी असूनही कोणीतरी पेटवणार. पकडला गेला की घाबरून थोटूक कुठे टाकणार? हात पुसायच्या कागदांच्या डब्यात. त्यापेक्षा डोळ्यासमोर पत्र्याची जागा बरी. राखदाणी निघालेली असेल तर लॉगबुकात नोंद होते आणि ठरलेल्या दिवसांत बसवावी लागते. क्षुल्लक वाटते, पण स्नॅग (म्हणजे नोंदवलेला बिघाड) तो स्नॅग.

यामागे ११ जुलै १९७३ आहे. रिओहून पॅरिसला येणारं, वारिग या ब्राझिलियन कंपनीचं बोइंग ७०७. मागच्या टॉयलेटच्या कचरापेटीत आग, बहुधा थोटकानेच. ऑर्ली विमानतळ पाच किलोमीटरवर असताना शेतात उतरवावं लागलं. १३४ पैकी १२३ गेले, बहुतेक धुराने आणि कार्बन मोनॉक्साइडने. पुढच्याच वर्षी अमेरिकेने टॉयलेटमध्ये ओढायला बंदी, पाट्या आणि राखदाण्या सक्तीच्या केल्या. लक्षात घ्या, तेव्हा सीटवर बसून ओढायला पूर्ण मुभा होती. बंदी आधी टॉयलेटमध्ये आली, केबिनमध्ये नंतर.

पोहे_जलेबी
म्हणजे ‘नो पार्किंग’च्या पाटीखाली सायकल स्टँड. शुद्ध इंदूर, भिया 😄

गॅलीतली_ताई
जुना हँगर दादा, डब्याचंही सांगा ना. नाही तर मीच सांगते, कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत.

टॉयलेटची तपासणी अशी: कचरापेटीची झडप स्प्रिंगची असते. ती आपोआप पूर्ण मिटली पाहिजे, म्हणजे आत आग लागली तरी हवा मिळत नाही. लोक कागद कोंबतात, झडप अर्धी उघडी राहते, आणि सगळा बंदोबस्त तिथेच संपतो. म्हणून उड्डाणाच्या मधेमधे जाऊन कागद दाबून झडप मिटवायची. हे काम कोणाला दिसत नाही, पण फार महत्त्वाचं. मग छतातल्या स्मोक डिटेक्टरचा दिवा बघायचा. त्यावर कोणी टिश्यू, पेल्याचं झाकण, शॉवर कॅप लावलीय का ते बघायचं. लावतात हो, बिनदिक्कत लावतात.

दारातून धूर आला तर दार धाडकन उघडायचं नाही! आधी हाताच्या मागच्या बाजूने दार वरून खाली चाचपायचं. तळहात नाही, तो भाजला तर आग विझवायची बाटली धरता येत नाही. गरम असेल तर स्मोक हूड चढवून, दार फक्त नळी जाईल इतकं फटभर उघडून हॅलॉन (आग विझवणारा गॅस) मारायचा आणि दार बंद. तोवर दुसरीने कॅप्टनला कळवलेलं असतं. तिसरी आसपासची माणसं हलवते. एकटीने हिरोगिरी करायची नाही.

झाल्या शिट्ट्या.

जुना_हँगर
ताईंनी छान सांगितलं. बेसिनखालचं राहिलं. तिथे हॅलॉनची छोटी बाटली असते, वाटीएवढी. तिच्या नळीचं तोंड कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूने बंद केलेलं असतं. साधारण ७५-८० अंश सेल्सिअस झालं की तोंड वितळतं आणि गॅस आपोआप पेटीत सुटतो. वीज नको, बटण नको, माणूस नको. शेजारी ठिपक्यांची पट्टी चिकटवलेली असते. ठिपका काळा पडला म्हणजे तिथे तेवढी उष्णता होऊन गेली. मग बाटली वजन करून बघायची, भरलेली आहे की सुटली.

स्मोक डिटेक्टर मात्र दुसऱ्या अपघातानंतर सक्तीचे झाले. २ जून १९८३, एअर कॅनडाचं डीसी-९, मागच्या टॉयलेटमध्ये आग. सिनसिनाटीला उतरलं, पण दारं उघडल्यावर हवा आत आली आणि मिनिटा-दीड मिनिटात केबिन पेटली. ४६ पैकी २३ गेले. आग नेमकी कशाने लागली ते शेवटपर्यंत ठरलं नाही. सिगरेटवर ढकलू नये. जमिनीलगतचे दिवे, जे धुरात रांगत जाताना दार दाखवतात, तेही यानंतरच आले.

सुदामानगर_एसी
आता हवेचं. पडद्याने धूर का अडत नव्हता?

विमानात हवा वरच्या बाजूने येते, आपल्या रांगेवरून खाली उतरते आणि खिडकीकडच्या पायापाशी जाळीतून निघते. तेवढंच असतं तर सिगरेट त्या-त्या रांगेतच राहिली असती. सुरुवातीच्या ७०७, डीसी-८ मध्ये सगळी हवा बाहेरची असायची. मग तेल महागलं. बाहेरची हवा म्हणजे इंजिनातून काढलेली, दाबलेली, तापलेली हवा. ती थंड करायची म्हणजे इंधन. म्हणून नंतरच्या विमानांत निम्म्याच्या आसपास हवा परत फिरवायला लागले. शेवटच्या रांगेतला धूर जाळीतून खाली, पंख्यातून मिक्सरमध्ये (ताजी आणि जुनी हवा मिसळते ती जागा), आणि तिथून सगळ्या केबिनमध्ये. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात ‘इथेच धूर करा’ म्हणून एकच एसी चालवल्यासारखं.

फिल्टरचं लोक फेकतात. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, खरं आहे. कण अडवतो. कार्बन मोनॉक्साइड, वाफेतलं निकोटिन, वास हे वायू त्याच्या आरपार. आणि तेव्हा सगळ्या विमानांत हेपा होते कुठे?

१९८९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात चार उड्डाणांवरची मोजमापं छापून आली. सीमेलगतच्या नॉन-स्मोकिंग सीटवर काही ठिकाणी ओढणाऱ्यांच्या रांगांइतकं निकोटिन. नॉन-स्मोकिंग भागात ड्यूटी लावलेल्या अटेंडंटही सुटल्या नव्हत्या.

टुकुर_टुकुर
सुदामानगरवाले भाऊ, १.५ टनाचा स्प्लिट खाली पाणी टपकवतोय. गॅस संपला का?

सुदामानगर_एसी
गॅस नाही. ड्रेन पाइपमध्ये शेवाळ. बाहेरच्या टोकाला व्हॅक्युम लाव नाही तर तोंडाने फुंक (ओढू नकोस 🙏). धाग्यावर धाग्याचं बोला.

जुना_हँगर
एसीवाल्यांच्या बोलण्यात एक भर. धुराचा एक फायदा मेकॅनिकला होता! केबिनचा दाब बाहेरपेक्षा जास्त, त्यामुळे पत्र्याच्या जोडात, रिव्हेटशेजारी, दाराच्या रबरात बारीक फट असली की हवा तिथून सुटायची आणि बाहेर पिवळसर-तपकिरी ओघळ उमटायचा. डांबर ते, निकोटिनचं. टॉर्च घेऊन बघितलं की गळती सापडली. बंदीनंतर ही सोय गेली, मग नजर, साबणाचा फेस आणि यंत्रं. पण तोटा फार मोठा. मागचा आउटफ्लो व्हॉल्व्ह, ज्यातून केबिनची हवा बाहेर जाते, तो चिकट व्हायचा, अडकायचा, पुसून पुसून हात काळे. तोच चिकटा पंख्याच्या पात्यांवर, वाहिन्यांत, जाळ्यांवर. ओघळाच्या सोयीसाठी धूर ठेवा असं कुठला मेकॅनिक म्हणणार नाही.

हँडरेस्टमधल्या राखदाण्या अजून जुन्या सीटवर दिसतात. चॉकलेटचे कागद, च्युइंगगम. उघडू नका, सांगून ठेवतो.

दांडियाबाजारकर
वडोदऱ्याहून. आमच्या शेजारी चरोतर, म्हणजे आणंद आणि खेडा जिल्ह्यांचा भाग, तिथला बिडीचा तंबाखू, त्यामुळे दुसरी बाजू पण ऐकून घ्या. बंदीविरुद्ध तीन मुद्दे हमखास यायचे:

एक, हवा वाढवा, माणूस अडवू नका. म्हणजे ताज्या हवेचं प्रमाण वाढवलं की प्रश्न मिटला. उत्तर वर आलंच, इंधन.
दोन, बंदी केली की लोक टॉयलेटमध्ये लपून ओढतील आणि आग लागेल. हा मुद्दा पोकळ नव्हता बरं. राखदाणी आणि डिटेक्टर राहिले ते म्हणूनच.
तीन, लांबच्या प्रवासात तलफ आलेला माणूस दंगा करेल.

म्हणूनच अमेरिकेत एका झटक्यात झालं नाही. १९८७ साली प्रतिनिधिगृहात प्रस्ताव १९८ विरुद्ध १९३ ने निघाला, पाच मतांनी! एप्रिल १९८८ पासून दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांवर बंदी. मग फेब्रुवारी १९९० पासून सहा तासांपर्यंत. दोन तास निघाले, जग बुडालं नाही, मग सहा. ऑस्ट्रेलिया देशांतर्गत बाबतीत त्याच्याही आधी, १९८७.

गॅलीतली_ताई
दांडियाबाजारकर भाऊ, तुम्ही प्रवाशांचंच मोजलंत. प्रवासी दोन तास, आणि अटेंडंट महिनाभर रोज. अमेरिकेत फ्लाइट अटेंडंट्सनी १९९१ ला सिगरेट कंपन्यांवर खटला भरला. १९९७ ला तडजोड होऊन ३० कोटी डॉलर संशोधनासाठी ठेवले गेले. बायकांच्या हातात थेट पैसे नाही आले, पण प्रत्येकीला स्वतंत्र दावा करायची मुभा राहिली. हे मोजा आधी.

दांडियाबाजारकर
मोजलं ताई. चूक कबूल.

पोहे_जलेबी
आणि कॉकपिट?

जुना_हँगर
कॉकपिटला बरीच वर्षं सूट होती. अमेरिकेच्या १९९० च्या बंदीतही पायलटची केबिन नव्हती. तिथला धूर काय करतो याचा नमुना: १० जुलै २०१८, हाँगकाँग-दालियान, एअर चायनाचं ७३७. सहवैमानिकाने ई-सिगरेट काढली. वाफ मागे जाऊ नये म्हणून हवा फिरवणारा पंखा बंद करायला गेला आणि शेजारचे एअर कंडिशनिंगचे पॅक बंद केले. पॅक बंद म्हणजे केबिनमध्ये दाबाची हवाच येत नाही. मास्क पडले, ३५,००० फुटांवरून १०,००० वर उतरावं लागलं. सगळे वाचले. दोन बटणांतलं अंतर बोटभर.

चिमणबाग_९
मला वाटायचं ई-सिगरेट चालते, धूर नाही ना.

कलमबहाद्दर
नाही चालत! भारतात २०१९ पासून ई-सिगरेटचं उत्पादन, विक्री, आयात, जाहिरात सगळंच बंद. विमानात वाफेनेही डिटेक्टर वाजतो. आणि बॅगेत ठेवून चेक-इनला देऊ नका. लिथियमची बॅटरी मालकक्षात पेटली तर हाताशी कोणी नाही. लायटर आणि काडेपेटी तर आपल्याकडे हातातल्या बॅगेतही नाही, चेक-इनमध्येही नाही.

पकडल्यावर काय होतं: कॅप्टन लेखी तक्रार देतो, उतरल्यावर सुरक्षा दलाच्या ताब्यात, तिथून पोलीस. विमान नियमांतला २५ वा नियम धूम्रपानाचा, वर इतरांचा जीव धोक्यात घातल्याचं कलम. शिवाय कंपनीची समिती ३० दिवसांत ठरवते की उडण्यावर किती काळ बंदी. लोकांना वाटतं सार्वजनिक जागेचे २०० रुपये भरून सुटू. ते २०० वेगळे.

चिमणबाग_९
रेल्वेत पण १०० च ना?

कलमबहाद्दर
हो, कलम १६७, १०० पर्यंत. पण वंदे भारतमध्ये टॉयलेटात पेटवलीत तर गाडीच थांबते, मग अख्खा डबा तुमच्याकडे बघतो. तो दंड वेगळा.

लष्कर_दवाखाना
ग्वाल्हेरहून. ओढणाऱ्यांनाही काही द्या, सगळे दंडच सांगताय. इंदूर-दुबईसारख्या साडेतीन-चार तासांत, विमानतळाचे तीन तास धरून, तलफ येणारच. निकोटिनचं च्युइंगगम लोक चुकीचं खातात. पान खाल्ल्यासारखं चावत सुटतात, मग उचकी, मळमळ, आणि ‘काम करत नाही’ म्हणतात. हळू चावा, झिणझिण्या आल्या की थांबा, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवा. झिणझिण्या गेल्या की परत चावा. अर्धा तास चालतं. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी, लिंबू सरबत नको, आम्ल पदार्थांनी निकोटिन शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅम, बाकीच्यांना २. लांबच्या प्रवासाला त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी बरी, पण निघायच्या आधी काही तास लावा, गेटवर नाही. हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

टुकुर_टुकुर
फुंकलं. पाणी बंद झालं!! 🙏🙏

पोहे_जलेबी
या धाग्याचं एकमेव व्यावहारिक यश.

दांडियाबाजारकर
जाता जाता एक गंमत. हिंडेनबर्ग, हायड्रोजनने भरलेलं जर्मन हवाई जहाज, १९३६. त्यात स्मोकिंग रूम होती! खोलीत दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त, म्हणजे हायड्रोजन आत शिरू नये. आत जायला एकामागे एक दोन दारं, आत एकच विजेचा लायटर, आणि पेटलेली सिगरेट घेऊन कोणी बाहेर पडत नाही ना हे बघायला बारमधला माणूस. पेटायला एक ठिणगी पुरे असलेल्या जहाजात ही शिस्त, आणि पन्नास वर्षांनी जेटमध्ये पडदा.

सुदामानगर_एसी
दाब जास्त ठेवून वायू बाहेर ठेवायचा हे बरोबर. आजच्या ऑपरेशन थिएटरचं तत्त्व तेच. आणि धूर आत कोंडायचा तर उलट, दाब कमी. विमानतळावरची स्मोकिंग रूम बघा, दार उघडलं की हवा आत खेचली जाते. जात नसेल तर एक्झॉस्ट बंद आहे, बाहेर बसलेल्यांनी उठावं.

रामबागवाली
वाचतेय सगळं, मुलीला क्लासला सोडून आले. गॅलीतली ताई, शॉवर कॅप विमानात येते कुठून?

गॅलीतली_ताई
हॉटेलातून. साबणाबरोबर. 🙄

चिमणबाग_९
ताई, कुकरमध्ये काय होतं?