शोसाठी लगाम: पकड हवी, पण हातात जाड नको

दुडकी
घोडी साडेपंधरा हॅण्ड उंचीची (1 हॅण्ड म्हणजे 4 इंच). एकाच शोमध्ये सकाळी ड्रेसाज (ठरलेल्या चाली करून दाखवायच्या) आणि दुपारी 90 सेंमी उंच अडथळ्यांचं जंपिंग. सध्याचे लगाम साध्या चामड्याचे आहेत, मानेला घाम सुटला की बोटांतून सरकतात. रबरवाले 19 मिमीचे धरून पाहिले. ग्रिप झकास, पण माझे हात लहान, मूठ पुरती मिटत नाही. जंपिंगला रनिंग मार्टिंगेल लावते (घोड्याने डोकं फार वर उचलू नये म्हणून छातीकडून येणारा पट्टा, त्याच्या कड्यांतून लगाम जातात). दोन्हीला चालेल असा एकच जोड मिळेल का? की दोन घ्यावे लागतील?

खोगीर_दुरुस्ती
आधी रुंदी ठरवा, मग मटेरियल. रबरी लगामांवर लिहिलेला आकडा बऱ्याचदा आतल्या पट्टीचा असतो. वरून रबर शिवलं की रुंदी आणि जाडी दोन्ही वाढतात, म्हणून 19 वाला हातात दांडक्यासारखा लागतो. तुम्ही 16 मिमीच्या पट्टीवर रबर चढवलेला बघा, लहान हातांसाठी 13 मिमीची पट्टीही मिळते.

बघायचं ते ग्लव्हज घालूनच. लगाम करंगळी आणि अनामिका यांच्यामधून आत घ्या, तर्जनीवरून बाहेर काढा, वर अंगठा टेकवा. बोटांची टोकं तळव्याला लागली पाहिजेत. मध्ये फट राहिली तर तो लगाम तुमच्यासाठी जाड आहे, मग रबर कितीही चांगलं असो.

दुसरी गोष्ट सहसा कुणी मोजत नाही: रबर सुरू कुठून होतं. साधारणपणे बिटपासून (घोड्याच्या तोंडातला धातूचा दांडा) 25 सेंमीच्या आसपास सुरू होऊन पुढे 75 सेंमीभर असतं. जुन्या लगामावर चिकटपट्टीच्या दोन खुणा करा, एक ड्रेसाजच्या पकडीला, दुसरी उडीच्या आधी सर्वांत आखूड धरता तिथे. दोन्ही खुणा रबरावर यायला हव्यात. आखूड मानेच्या घोड्यावर दुसरी खूण हटकून कोऱ्या चामड्यावर जाते, आणि नेमकी तिथेच पकड सुटते.

रपेट
एकच जोड हवा असेल तर आतून रबर, बाहेरून चामडं असा घ्या. लांबून साधा दिसतो, बोटांना रबर लागतं आणि पूर्ण गुंडाळलेल्या रबरापेक्षा पातळ असतो.

ड्रेसाजवाले वेबिंगवर (विणलेल्या पट्टीवर) चामड्याचे आडवे टप्पे शिवलेले लगामही वापरतात. दोन्ही हात सारख्याच टप्प्यावर आहेत का ते न बघता कळतं, हा त्यांचा खरा फायदा. जंपिंगला मला ते पटत नाहीत. घोडा अडखळला किंवा मान एकदम खाली टाकली तर लगाम बोटांतून थोडा सोडावा लागतो, आणि टप्पा मध्येच अडतो.

हंटर क्लासमध्ये (घोड्याची चाल आणि उडीची शैली बघणारी स्पर्धा) उतरणार असाल तर वेगळा हिशोब. तिथे चामड्याची लेस ओवलेला किंवा वेणी घातलेला लगाम हीच रीत, रबर डोळ्यांत खुपतं. वेणीचा लगाम ओला झाला की ताणतो, लेसवाला त्या मानाने बरा.

खोगीर_दुरुस्ती
मार्टिंगेलचं राहिलं. प्रत्येक लगामावर बिट आणि मार्टिंगेलची कडी यांच्यामध्ये स्टॉपर (कडीला अडवणारा लहान तुकडा) हवाच, बिटपासून वीतभर अंतरावर. नाहीतर कडी पुढे सरकून लगामाच्या बक्कलात किंवा हुकात अडकते, घोडा मान झटकतो आणि तोंडाला जबर हिसका बसतो. लगाम नवा घेतला की स्टॉपर जुन्यावरच राहून जातात, तेवढं बघा. ड्रेसाजच्या टेस्टमध्ये मार्टिंगेल चालतच नाही, तेव्हा ते काढूनच रिंगणात जा.

लांबी: हुक लावून, लगाम जंपिंगच्या पकडीत धरून बसा. मागे लोंबणारा फास रिकिबीतल्या बुटापर्यंत पोचत असेल तर लगाम लांब आहे. त्यात पाय अडकतो, लहान मुलांच्या पोनीवर तर फारच.

दुडकी
16 मिमीचा आतून रबरवालाच बघते. रबराची निगा कशी ठेवायची? आधीच्या एका जोडाचं रबर चिकट होऊन गेलं.

टाच_खाली
तेल लागलं असणार. चामड्याचं तेल किंवा कंडिशनर रबरावर गेलं की ते मऊ पडून चिघळतं. रबराला ओलं फडकं आणि अगदी थोडा साबण पुरे, चामड्याच्या भागाला सॅडल सोप. वाळवायचं सावलीत.

रबरावरचे दाणे घासून गुळगुळीत झाले की ग्रिप गेली. पण आतलं चामडं शाबूत असेल तर कारागीर नवं रबर शिवून देतो, पूर्ण लगाम टाकायची गरज नाही. चामडं तपासायचं ते बिटकडच्या घडीत: लगाम तिथे उलटा वाकवा, बारीक भेगा दिसतात का आणि हुकाचं भोक लांबट झालंय का बघा. घोड्याची लाळ आणि घाम तिथेच मुरतो, टाके आधी तिथेच कुजतात. यातलं एकही दिसलं तर तो जोड शोला नेऊ नका.

आणि हो, कोरड्या दिवशीही लगाम सरकत असेल तर आधी अंगठा बघा. तो तर्जनीवर दाबलेला नसेल तर रबरही सरकतं.