माशी बांधताना दिसत नाही, भिंग कोणतं घ्यावं? (मदत हवी आहे)

पांझराकाठ
पंधरा दिवस झाले, फ्लाय (मासे धरायची, हुकवर पिसं-दोऱ्याने बनवलेली खोटी माशी) बांधायला बसलं की काहीच धड दिसत नाही. १६ नंबरचा बारीक हुक, नेढ्यात दोरा जातच नाही, दहा मिनिटांत डोकं धरतं. तयार चष्मे +२, +२.५, +३ असे तिन्ही आणून झाले. एक भिंगही घेतलं, ते टाकून दिलं. रविवारी अक्कलपाडा धरणावर जायचंय. 'डॉक्टरला दाखवा' असं कृपया कोणी लिहू नका, ते झालंय. चांगलं भिंग कोणतं, एवढंच सांगा.

तापीकाठचा
बांधायला म्हणजे कुठे? घरी व्हाइसवर (हुक धरणारा शिकंजा) पिसं-दोरा गुंडाळताना, की पाण्यावर तयार माशी टिपेटला (दोरीच्या टोकाचा बारीक दोरा) बांधताना? दोन्हींचे उपाय वेगळे. टिपेट किती एक्स, म्हणजे जाडीचा नंबर किती? चेहऱ्यापासून हुक किती सेंटिमीटरवर असतो? लांबचा नंबर आहे का?

मरळवाला_चाळीसगाव
१६ नंबरच्या भानगडीत पडताच कशाला? मरळीला रबरी बेडूक लावा, त्याचं कडं डोळे मिटूनही सापडतं. वेताच्या कडेने ओढायचा, थांबायचं, परत ओढायचा. मरळीने घेतल्यावर लगेच झटका देऊ नका, दोन आकडे मोजा.

पांझराकाठ
मरळीचं विचारलंय का मी? चिलापी. ५एक्स. त्रास दोन्हीकडे होतो. अंतर कोण मोजत बसतं!

सराफगल्ली
भिंगच हवं तर जळगावच्या सराफ बाजारात कारागीर वापरतात तसं डोक्याला बांधायचं घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात. नाहीतर घड्याळजीचं १०एक्स (दहा पटीचं) भिंग, हुकचं नेढं बोगद्याएवढं दिसेल.

तापीकाठचा
१०एक्सने नेढं दिसेल हो, पण हुक भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर धरावा लागेल. २५ ला एक्सने भागा, तेवढ्या सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतं. त्या फटीत बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायचं साधन) फिरवणार कशी? पहिलं भिंग याच कारणाने टाकलं असणार. डोक्याला बांधायचं घ्या, पण दीड-दोन पटीचंच.
चष्म्याचा हिशोब त्याहून सोपा. १०० ला नंबराने भागा. +२.५ म्हणजे ४० सेंटिमीटर, +३ म्हणजे ३३, +४ म्हणजे २५. अंतर मोजत बसा असं म्हणतो ते यासाठी. व्हाइस ४५ वर आणि चष्मा +३ चा असेल तर धूसरच दिसणार. बायफोकल लावून बसत असाल तर ते आधी काढा. जवळचा नंबर काचेच्या खालच्या बाजूला असतो आणि व्हाइस नजरेच्या रेषेत, त्यामुळे हनुवटी वर करून बसावं लागतं, मान जाते. व्हाइसवर नुसता जवळचा चष्मा.

सराफगल्ली
आमचे कारागीर आयुष्यभर १०एक्स वापरतात, त्यांना काही होत नाही.

तापीकाठचा
ते बघतात. बांधत नाहीत.

सुईदोरा
भांडू नका रे. मुद्दा उजेडाचा आहे. बाहुली उजेडात बारीक होते आणि बारीक बाहुलीने पुढे-मागेही स्पष्ट दिसतं. म्हणून दुपारी ओवलेली माशी संध्याकाळी ओवता येत नाही, चष्मा तोच असला तरी. दिवा दोरा धरणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने, वरून आणि जरा पुढून. मागे ठेवला तर हाताची सावली नेमकी हुकवर पडते. व्हाइसमागे फिकट राखाडी, बिनचमकीचा पुठ्ठा उभा करा. मागे कॅलेंडर आणि औषधाच्या बाटल्या असतील तर कुठलंही भिंग घ्या, हॅकलचे (माशीला गुंडाळलेल्या पिसाचे) केस दिसणार नाहीत.
पाण्यावरचं: नेढं आभाळाकडे धरून ओवा, हिरव्या झाडीवर नाही. टिपेटचं टोक धारदार कटरने तिरपं कापा. दाताने तोडलं की ते चपटं होतं आणि १६ च्या नेढ्यात शिरत नाही. निम्म्या वेळा दोष डोळ्याचा नसतोच, माशीच्या डोक्याला लावलेलं व्हार्निश नेढ्यात वाळून बसलेलं असतं. प्रत्येक माशीचं नेढं घरीच बारीक सुईने मोकळं करून डबीत ठेवा.

गोमाई_नंदुरबार
नाना, अंधारमा सुईमा दोरा ओवता येस का? मंग गळमा कसा येई! घरूनच बांधून न्या ना. दहा माश्यांना प्रत्येकी अर्धा मीटर ५एक्स बांधायचं, दुसऱ्या टोकाला सर्जन्स लूप (गाठ मारून केलेला फास), आणि फोमच्या तुकड्याला चिरा पाडून गुंडाळायचं. पाण्यावर फक्त लूपमध्ये लूप.

तापीकाठचा
चालेल, पण गुंडाळलेलं टिपेट कुरळं राहतं, माशी सरळ पडत नाही. वापरण्याआधी दोन्ही हातांत ताणून दहा सेकंद धरायचं. गाठ ओली केल्याशिवाय आवळू नका, कोरडी घासली की नायलॉन तिथेच कमजोर होतं. आणि चिलापीला १६ कशाला? १२ ची निम्फ (पाण्याखाली चालवायची माशी) चालते, नंबर लहान तसा हुक मोठा; टिपेट ४एक्स. ११ मधून एक्स वजा केला की टिपेटची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मिळते: ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, ४एक्स ०.००७. जाड टिपेट बोटात सापडतंही लवकर.

मरळवाला_चाळीसगाव
अक्कलपाड्याला मच्छीमार सोसायटीची परवानगी काढलीय का? नाहीतर सगळं सामान घेऊन बसाल आणि उठवतील.

पांझराकाठ
परवानगी आहे. उजेड, पुठ्ठा सगळं केलं, तरी उजव्या-डाव्या डोळ्याचं जमत नाही, हुक दोन दिसतात. उजवा डोळा आता ऑपरेशननंतर एकदम झकास, लांबची पाटीसुद्धा वाचतो. मग जवळचंच का नाही?

तापीकाठचा
कसलं ऑपरेशन? कधी?

पांझराकाठ
मोतीबिंदूचं. तीन आठवडे झाले. डाव्याचं दिवाळीनंतर आहे. त्याचा भिंगाशी काय संबंध?

तापीकाठचा
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! डाव्याचा जुना नंबर काय?

पांझराकाठ
उणे २.७५.

तापीकाठचा
सापडलं. उजव्यात बहुधा लांबचं दिसणारी लेन्स बसवलीय. ती जवळ-लांब बदलत नाही, त्यामुळे +३ चा चष्मा लावून उजवा ३३ सेंटिमीटरवर स्पष्ट. डावा मुळात उणे २.७५, त्यावर +३ ची भर, म्हणजे तो जेमतेम १७ सेंटिमीटरवर. तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या, तुमचे डोळे दोन नंबरचे. दोन चित्रं वेगळी, म्हणून हुक दोन आणि डोकेदुखी. भिंग कितीही महाग घ्या, दुकानात हा चष्मा मिळणार नाही.
तोवरची युक्ती: चष्मा पूर्ण काढा. उजव्यासमोर काळी झापड, डोळ्याला टेकणार नाही अशी. डावा उघडा डोळा ३६ सेंटिमीटरवर आपोआप स्पष्ट बघेल. डाव्यातही मोतीबिंदू आहे, त्यामुळे दिवा थेट डोळ्यात येऊ देऊ नका, सगळं पांढुरकं होईल. एका डोळ्याने पुढे-मागे किती ते कळत नाही, म्हणून दोन्ही करंगळ्या एकमेकींना टेकवून मग ओवा. डॉक्टर साधारण महिना-दीड महिन्याने पक्का नंबर देतात, तेव्हा व्हाइसचं अंतर मोजून सांगा आणि वेगळा चष्मा करून घ्या.

सुईदोरा
रविवारचं मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. धरणाचं पाणी, धूळ, आणि मागे फेकताना डोळ्याकडे येणारा हुक. तीन आठवड्यांच्या डोळ्याला यातलं काहीच परवडत नाही. नुसता गॉगलही पुरत नाही, बाजूनेही झाकलेला हवा.

पांझराकाठ
झापड लावून बघितलं. तिसऱ्यांदा गेला दोरा. हुक एकच दिसतो. रविवार रद्द, फोनवर डॉक्टरही तेच म्हणाले. १२ नंबरचे हुक धुळ्यात कुठे मिळतील?

सराफगल्ली
ते टाकून दिलेलं भिंग कितीला देता?