दोन फ्लॅटला एकदम ऑफर दिली तर चालतं का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सी-३०३ : नमस्कार सगळ्यांना 🙏 मेसेज मोठा आहे, वेळ मिळेल तसा वाचा. आमचं भाड्याचं अग्रीमेंट मे मध्ये संपतंय आणि मालकांना फ्लॅट त्यांच्या मुलासाठी हवाय, त्यामुळे आता घर घ्यायचंच ठरवलंय. बरंच फिरून दोन आवडलेत, दोन्ही रिसेल. एक वारज्यात, ८२ लाख सांगतायत, दुसरा कर्वेनगरला, बिल्डिंग जुनी पण मुलीची शाळा जवळ, ते ८८ म्हणतायत. आम्ही वारज्याला ७८ आणि कर्वेनगरला ८२ असं तोंडी बोललोय, दोघंही घरात विचारून सांगतो म्हणाले. आता वारज्याचा एजंट सकाळपासून मागे लागलाय की उद्या दुसरी पार्टी येतेय, आज ५१ हजार टोकन टाका नाहीतर हातचा जाईल. आमचे हे म्हणतात दोन्हीकडे टोकन टाकून ठेवू, ज्याचे कागद आधी होतील तो घेऊ, एक टोकन बुडालं तर बुडालं. असं कुणी केलंय का? एकापेक्षा जास्त घरांना ऑफर देणं चुकीचं आहे का मुळात?

डी-२०४ : वहिनी बिनधास्त टाका, आम्ही हडपसरला घेताना दोन ठिकाणी बोलणी चालू ठेवलेली, एकाला कळलं की आपल्याकडे दुसरा पर्याय आहे तेव्हाच तो दीड लाखाने खाली आला, एकाच घराला चिकटून बसलं की मालक हलत नाही

बी-७०१ : भाऊ तुम्ही बोलणी दोन ठिकाणी केलीत की टोकन दोन ठिकाणी दिलंत?

डी-२०४ : टोकन एकालाच दिलं. दुसऱ्याला नाही म्हणून कळवलं

बी-७०१ : मग तेच तर. दोन्ही फार वेगळ्या गोष्टी आहेत.

ए-६०२ : मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहिते, कारण हा विषय निघाला की कुणी त्या बाजूचं बोलतच नाही. मागच्या वर्षी आम्ही आईचा फ्लॅट विकायला काढला होता, एक जोडपं आलं, चांगले वाटले, ५१ हजार टोकन देऊन गेले, म्हणाले लोनचं महिन्याभरात होईल, आम्ही शब्द दिला म्हणून बाकी सगळ्यांना नाही सांगितलं, त्यात एक गृहस्थ तर पूर्ण स्वतःच्या पैशातून घेणारे होते. त्या टोकनच्या भरवशावर आईसाठी आमच्या जवळचा वन बीएचके पण बोलून ठेवला. महिना झाला, फोन उचलेनात, शेवटी एजंटकडून कळलं की त्यांनी अजून दोन ठिकाणी असंच टोकन ठेवलेलं आणि तिसरीकडे अग्रीमेंट करून मोकळे झाले. ५१ हजार आमच्याकडे राहिले, पण तो वन बीएचके गेला, आणि आईची तयार झालेली बॅग परत उघडायला लागली. त्यांच्या दृष्टीने एक टोकन बुडालं इतकंच. सी-३०३, तुझ्यावर राग नाही गं, पण तुझ्या मिस्टरांना हे वाचून दाखव.

सी-३०३ : ताई वाचून दाखवलं. आत्ता शेजारीच बसलेत. विकणाऱ्याचं पुढचं घरही आपल्यावर अडकलेलं असू शकतं हे आमच्या खरंच डोक्यात नव्हतं.

बी-१०२ (वकील काका) : उशीर झाला, कोर्टात होतो. आधी कायद्याचं. ऑफर म्हणजे प्रस्ताव, तो तुम्ही दहा घरांना दिलात तरी गैर काही नाही. समोरच्याने स्वीकारून तुम्हाला कळवेपर्यंत तो मागे घेता येतो, करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात हे स्पष्ट आहे. अडचण सुरू होते ती समोरचा हो म्हणाला की. फ्लॅट कुठला, किंमत किती, मुदत किती हे ठरून विसार पावतीवर (विसार म्हणजे तुमचं ते टोकन, त्याची लेखी पावती) दोघांच्या सह्या झाल्या की तो करार झाला. पुष्कळ लोक समजतात की फार तर विसार जप्त होईल, बात संपली. तसं नाही. समोरचा कराराची पूर्तता करा म्हणून दावा लावू शकतो, आणि स्पेसिफिक रिलीफ नावाच्या वेगळ्या कायद्यात २०१८ ला झालेल्या दुरुस्तीनंतर कोर्टाला असा दावा नाकारायला पूर्वीइतकी मोकळीक राहिलेली नाही. मालक सहसा इतक्या लांब जात नाहीत हे खरं, पण दोन पावत्यांवर सह्या म्हणजे दोन घरं घ्यायचं कबूल केलंत, दोन्ही घ्यायची ऐपत नसताना.

बी-१०२ (वकील काका) : आणि व्हॉट्सॅपवर "डन, ७८ ला फायनल" असलं काही लिहू नका. असे मेसेज पुरावा म्हणून दाखल होतात. लिहायचंच तर "कागदपत्रं वकिलांनी पाहून आणि बँकेने मंजूर केल्यावर ७८ ला तयार आहोत, रविवारपर्यंत कळवा" असं लिहा. अट घातलेली असली आणि मुदत दिलेली असली की दोन्ही ठिकाणी बोलताना तुम्ही कुणाला फसवत नाही.

डी-२०४ : काका पण मालक इतक्या अटी ऐकून घेतो का, मार्केट तेजीत असताना तो दुसऱ्याला देऊन टाकेल

बी-१०२ (वकील काका) : देईल बापडा. ज्याला कागद दाखवायची घाई नाही पण पैसे घ्यायची घाई आहे त्याचं घर गेलं तर जाऊ द्यावं. तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध), इंडेक्स २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), आधीच्या खरेदीचे सगळे करार, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, एवढं बघायला चार-पाच दिवस लागतात. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्चला घरबसल्या बरंच दिसतं.

सी-१०१ (बँकेतले काका) : मी हिशोब मांडतो, मग दुसरं टोकन परवडतं का ते तुम्हीच ठरवा. वारज्याचा ७८ ला धरू. ३० ते ७५ लाखाच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येतं, म्हणजे ६२ लाख ४० हजार. तुमचे १५ लाख ६०. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीला बँक कर्ज देत नाही हे बरेच जण विसरतात. पुण्यात ७ टक्क्यांनी ५ लाख ४६ हजार, नोंदणी फी ३० हजार. एजंट १ टक्का घेत असेल तर ७८ हजार. म्हणजे खात्यातून जाणार २२ लाख १४ हजार, त्यात ना पंखा आला ना किचनची ट्रॉली. सरकारी रेडी रेकनरचा (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराचा) आकडा ७८ च्या वर निघाला तर ड्युटी त्याच्यावर बसेल, तेही बघून घ्या.

सी-३०३ : काका आमच्याकडे पीएफचे धरून २३ च्या आसपास आहेत 😟

सी-१०१ (बँकेतले काका) : मग दुसरीकडचे ५१ हजार म्हणजे तुमच्या उरलेल्या गंगाजळीतले निम्म्याहून जास्त. कर्वेनगर ८२ ला झाला तर हाच आकडा २३ च्याही वर जातो, त्यामुळे तिथे अजून खाली येत नसतील तर मला तो झेपणारा दिसत नाही. दुसरी गोष्ट, तुमच्या पगारावर सँक्शन लेटर (इतकं कर्ज देऊ असं बँकेचं पत्र) आत्ताच काढून ठेवा, घर नक्की नसलं तरी मिळतं, साधारण तीन ते सहा महिने चालतं, तारीख पत्रावरच असते. मालकासमोर ते ठेवलं की बोलण्याला वजन येतं, टोकनपेक्षा जास्त. पण त्याचा अर्थ घर मंजूर झालं असा नाही, घराची लीगल आणि व्हॅल्युएशन वेगळी होते आणि खरी केस तिथे अडकते. माझ्या नोकरीत पगार उत्तम, सिबिल उत्तम आणि बिल्डिंगला कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) नाही म्हणून परत गेलेल्या फाइल मी भरपूर पाहिल्यात.

ए-४०५ : स्टॅम्प ड्युटी वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतली तर १ टक्का कमी ना?

सी-१०१ (बँकेतले काका) : हो, राहण्याचं घर आणि फक्त महिलेच्या नावावर असेल तर. दोघांच्या नावावर केलं की सवलत नाही. ७८ ला ७८ हजार वाचतात. फक्त मिस्टर मालक नसतील तर त्यांना हप्त्यावर आयकरात वजावट मिळत नाही, तो हिशोब सीएकडून करून घ्या.

डी-२०४ : आणि बिल्डरकडे नवीन बुक केला तर? तिकडे तर लोक दोन-दोन प्रोजेक्टला बुकिंग करून ठेवतात

बी-१०२ (वकील काका) : तिथे खरेदीदाराला संरक्षण जास्त आहे. रेरा म्हणजे बिल्डरांवरच्या नियंत्रणाचा कायदा, त्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या अलॉटमेंट लेटरच्या नमुन्यात रद्द करायचे टप्पे ठरलेले आहेत. १५ दिवसांच्या आत रद्द केलंत तर काही कापायचं नाही, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० पर्यंत दीड, त्यापुढे २ टक्के, आणि हे टक्के फ्लॅटच्या किमतीवर, तुम्ही भरलेल्या रकमेवर नव्हे. म्हणजे ८० लाखाच्या फ्लॅटला ६१ व्या दिवशी नाही म्हणालात तर १ लाख ६० हजार. रिसेलला यातलं काहीच लागू नाही. तिथे विसार पावतीत जे लिहिलंत तेच तुमचं संरक्षण.

ए-४०५ : पावतीत काय काय लिहून घ्यायचं काका, आम्हालाही पुढच्या वर्षी लागेल

बी-१०२ (वकील काका) : मुख्य म्हणजे, बँकेने कागदपत्रांच्या कारणाने कर्ज नाकारलं किंवा सर्चमध्ये बोजा (घरावर आधीचं कर्ज किंवा कुणाचा हक्क) निघाला तर विसार पूर्ण परत, किती दिवसांत परत तेही. घेणारा विनाकारण मागे फिरला तर किती कापणार, आणि देणारा फिरला तर तो किती देणार. ही दुसरी ओळ एजंट छापील पावतीत घालतच नाहीत, हाताने लिहून घ्या. मालकाचं कर्ज चालू असेल तर ते कधी आणि कुठल्या पैशातून फेडणार. फ्लॅटला एकाहून जास्त मालक असतील तर सगळ्यांच्या सह्या, एकट्या नवऱ्याची नको. पैसे चेकने किंवा ट्रान्सफरने, घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. किंमत ५० लाख किंवा जास्त म्हणून १ टक्का टीडीएस (मालकाच्या नावाचा आयकर) तुम्ही कापून भरायचा, तो मालकाच्या पैशातून जातो, पण त्यांना आधी सांगा नाहीतर शेवटी वाद होतात. मालक परदेशात राहणारे असतील तर हा दर चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो.

बी-७०१ : आमची मुलगी इंग्लंडमध्ये घर बघतेय, तिकडे म्हणे ऑफर स्वीकारली तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघंही मोकळे, मालक ऐनवेळी जास्त देणाऱ्याला देऊ शकतो. तिचे सर्व्हेचे आणि सॉलिसिटरचे पैसे एकदा असेच गेले. त्यामानाने आपली विसार पावती बरी, दोघंही बांधले जातात.

सेक्रेटरी : एक कमिटीकडून. एनओसी मालकाने मागायची असते, घेणाऱ्याने नाही. वारज्याच्या सोसायटीत मेंटेनन्सची थकबाकी आहे का आणि शेअर सर्टिफिकेटवर बँकेचा बोजा नोंदलाय का हे त्यांच्या सेक्रेटरीला प्रत्यक्ष भेटून विचारा, ते सांगतात. आणि ट्रान्सफरचा प्रीमियम आपल्या महानगरपालिका हद्दीत २५ हजाराच्या वर घेता येत नाही, कुणी डेव्हलपमेंट फंड वगैरे नावाने लाख-दोन लाख मागितले तर देऊ नका.

सी-३०३ : सगळ्यांचे मनापासून आभार, मी सगळं वहीत उतरवून घेतलंय. एकच अजून विचारते. समजा दोघंही उद्या हो म्हणाले तर? आम्ही तोंडी तर दोघांना आकडा सांगितलाय.

ए-६०२ : तर ज्याला नाही म्हणायचं त्याला त्याच दिवशी फोन कर. मेसेज नको, एजंटमार्फत नको, स्वतः फोन. आम्हाला त्या जोडप्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं ना की दुसरं घर आवडलंय, तर आम्ही टोकन परत केलं असतं. लोकांना नाही ऐकून राग येत नाही, महिनाभर अडकवून ठेवल्याचा येतो.

डी-२०४ : हे मात्र एकदम मान्य. आणि वहिनी, उद्या पार्टी येतेय हे एजंट प्रत्येकाला सांगतो, खरंच येत असेल तरी ती पण आधी कागदच मागेल

सी-१०१ (बँकेतले काका) : शिवाय दोघांतलं पहिलं घर कुठलं हे तुम्ही दोघांनी आज रात्री ठरवा. पुढे अवघड होतं, कारण दोन्हीकडून फोन यायला लागले की माणूस घर निवडत नाही, जो जास्त फोन करतो त्याला निवडतो. पहिल्याला बोला, तीन-चार दिवस द्या, त्यात जमलं नाही तर मग दुसऱ्याकडे मोकळ्या मनाने जा. तोवर दुसऱ्याला खरं सांगा की एका घराचे कागद बघतोय. तोवर त्यांनी विकलं तर विकलं, निदान दोघांच्या मध्ये तुम्ही सापडणार नाही.

सी-३०३ : आमचं ठरलं. वारजे पहिला. हिशोबात तोच बसतो, आणि शाळेची बस तिकडे जाते हे आत्ता विचारून घेतलं. एजंटला सांगितलं की आज टोकन नाही, आधी कागद, मग पावती वकिलांना दाखवून. तो चिडला, पण अर्ध्या तासाने स्वतः मालकांचाच फोन आला, म्हणाले या बघायला, फाइल घरीच आहे, दुसरं कुणी अजून आलेलं नाही. कर्वेनगरच्या काकूंनाही फोन केला, त्यांना सांगितलं की आम्ही दुसऱ्या एका घराचे कागद बघतोय आणि ८२ आमच्या आवाक्याच्या थोडं वर जातंय, तुम्ही आमच्यासाठी थांबू नका. त्या म्हणाल्या बरं केलंस सांगितलंस, ८० ला चालत असेल तर पंधरा दिवसांनी परत फोन कर.

ए-६०२ : 👏 बघ

बी-१०२ (वकील काका) : उत्तम. फाइल बघायला जाल तेव्हा इंडेक्स २, शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू आणि मागचे करार यांचे फोटो काढून मला वैयक्तिक पाठवा, ग्रुपवर नको. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात, ती बाजू लोक काढत नाहीत.

सी-३०३ : हो काका, शनिवारी सकाळी जातोय. संध्याकाळपर्यंत पाठवते.