मदत हवी आहे: खारपाणपट्ट्यात नाल्याची घाण मोजायची कशी?

राम राम मंडळी,

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारट. वरच्या अंगाच्या शहराचं सांडपाणी आमच्या नाल्यात येतं अन् नाला पुढे पूर्णेला मिळतो. उन्हाळ्यात वाहतं ते निव्वळ सांडपाणीच. वर करडा फेस, तळाला काळा गाळ. काठी खुपसली की बुडबुडे अन् सडक्या अंड्याचा वास. म्हशीसुद्धा उतरत नाहीत.

नाल्याकाठच्या विहिरीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर लिटरला १९०० मिलिग्रॅम भरला. तो आकडा घेऊन कार्यालयात गेलो, तर म्हणे, "खारपाणच ना तुमचं? मग त्यात नवीन काय?" बोलती बंद! कारण लांबच्या विहिरींवरही मीटर तेवढंच दाखवतं.

मग जमिनीचं किती अन् शहराचं किती, हे वेगळं कसं काढायचं? त्यात ग्रामसभेत नाला खोलीकरणाचा ठराव येतोय. जेसीबी फिरला की नाला साफ, असं सगळ्यांना वाटतं. मला पटत नाही.

प्रतिसाद:

भाऊ, मीटर ठेवा बाजूला. ते क्षार मोजतं, मैला नाही. विहिरींचं नायट्रेट, अमोनिया अन् ई. कोलाय (विष्ठेतले जंतू) पाहा. काठची अन् लांबची, सारख्या खोलीची विहीर, एकाच दिवशी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नाही. नायट्रेट खतातूनही येतं, म्हणून एकट्या त्याच्यावर भांडू नका. जलजीवन मिशनच्या पाणी तपासायच्या किटवर नायट्रेट गावातच तपासून होतं. प्रशिक्षण घेतलेल्या बायांना विचारा.

नाल्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते ते माप, प्रयोगशाळेतून काढा. प्रवाह स्वतः मोजा: संत्रं सोडा, दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते बघा. वेग गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, त्याचे ८५ टक्के धरा. रोजचे दहा लाख लिटर अन् बीओडी लिटरला १०० मिलिग्रॅम निघाला, तर प्राणवायू खाणारा १०० किलोचा बोजा रोज नाल्यात. त्याला खारपाण म्हणून दाखवा म्हणावं!

खोलीकरण आत्ता नकोच. वरून मैला चालू असताना तळ खरवडला तर तेच पाणी विहिरींत मुरायची भीती. आधी शहराच्या तोंडाशी प्रक्रिया, मग गाळ.

धागाकर्ता: ई. कोलायचा नमुना अकोल्याला पोचेपर्यंत टिकेल?

प्रतिसाद: निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. बर्फात ठेवून सहा तासांत पोचवा. सकाळची एसटी धरा, अन् रविवार टाळा.